संगणकाचे सिरीयल नंबर सी भाषेतून कसे वाचायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो आणि तेही सीमध्ये. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे दोन दिशांनी येतात. एकीकडे प्रोजेक्टचं जर्नल पुरं करायला निघालेली डिप्लोमा-बीसीएची मुलं, दुसरीकडे माझ्यासारखेच एकट्याने सॉफ्टवेअर विकणारे, ज्यांना एक लायसन्स एकाच मशीनवर चालायला हवंय. पुन्हा पुन्हा तेच टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एकदा लिहून टाकतो. फंक्शन आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग टाका.

१. संगणकाचा सिरीयल नंबर म्हणजे नेमका कुठला नंबर?

असा एक नंबर नसतोच. डिस्कचा वेगळा, मदरबोर्डचा वेगळा, लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा वेगळा. रॅमच्या प्रत्येक पट्टीचा, मॉनिटरचा, बॅटरीचा आणखी वेगळा. प्रत्येक नंबर कुणीतरी कारखान्यात कुठल्यातरी चिपमध्ये लिहिलेला असतो. डिस्क बनवणारा तो डिस्कच्या फर्मवेअरमध्ये (तिच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये) लिहितो, लॅपटॉप बनवणारा बायोसच्या चिपमध्ये. नंबर किती भरवशाचा हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असतं. डिस्कवाले चोख लिहितात. स्वस्त मदरबोर्डवाले बऱ्याचदा लिहीतच नाहीत, त्याची गंमत प्रश्न ९ मध्ये.

म्हणून कोड लिहिण्याआधी ठरवा: कशाचा नंबर हवाय आणि कशासाठी?

२. सीमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे का? कुठली हेडर फाइल घ्यायची?

नाही. प्रमाण सी भाषेला फाइल ठाऊक आहे, मेमरी ठाऊक आहे. डिस्क नावाची वस्तू तिच्या गावीही नाही. विचारायचं ते ऑपरेटिंग सिस्टमला. विंडोजवर डिव्हाइसआयओकंट्रोल आणि गेटसिस्टमफर्मवेअरटेबल, लिनक्सवर आयओसीटीएल आणि /सिस खालच्या फाइली, मॅकवर आयओकिट.

तिन्हींवर चालणारा प्रोग्रॅम हवा असेल तर स्वतःचं एकच फंक्शन ठरवा आणि त्याच्या तीन वेगळ्या सी फाइली लिहा. एकाच फाइलीत इफडेफची जंगलं वाढवली तर सहा महिन्यांनी स्वतःलाच वाट सापडत नाही.

३. आमच्या कॉलेजात अजून टर्बो सी आहे. पोर्टवरून डिस्कचा नंबर वाचायचा जुना कोड मिळाला, पण चालत नाही. का?

तो कोड डॉसच्या काळात खरोखर चालायचा. हेक्स १एफ६ या पोर्टवर ड्राइव्ह निवडायचा, १एफ७ वर हेक्स ईसी ही आज्ञा लिहायची, डिस्क मोकळी होऊन माहिती तयार असल्याचा बिट येईपर्यंत थांबायचं आणि १एफ० वरून २५६ शब्द, म्हणजे ५१२ बाइट, वाचून घ्यायचे. शब्द क्रमांक १० ते १९ मध्ये सिरीयल नंबर. या आज्ञेचं नाव आयडेंटिफाय डिव्हाइस, आणि साटा या जोडणीच्या डिस्क आजही तिला तसंच उत्तर देतात.

बदललं ते मधलं सरकार. विंडोज एनटी आणि त्यानंतरच्या सगळ्या विंडोजमध्ये साध्या प्रोग्रॅमला पोर्टला हात लावता येत नाही. ६४ बिट विंडोजवर तर १६ बिट प्रोग्रॅम सुरूच होत नाही. डॉसबॉक्समध्ये चालवलात तर तो बिचारा नकली संगणकाशी बोलत बसतो, खऱ्या डिस्कपर्यंत पोचत नाही. व्हायव्हासाठी हा कोड जरूर समजून घ्या, पण प्रोजेक्टला मिनजीडब्ल्यूचा जीसीसी किंवा व्हिज्युअल स्टुडिओ घ्या.

४. गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशन वापरून सी ड्राइव्हचा नंबर काढला. ग्राहकाने फॉरमॅट मारल्यावर तो बदलला. असं कसं?

कारण तो डिस्कचा नंबर नव्हताच. तो व्हॉल्यूमचा नंबर: फॉरमॅट करताना बनवलेला ३२ बिटांचा आकडा. कमांड प्रॉम्प्टवर डीआयआर दिल्यावर वर दोन तुकड्यांत दिसतो तोच. फॉरमॅट मारला की नवा. पार्टिशनची जशीच्या तशी प्रत काढली की दोन मशीनवर एकच. शिवाय तो बदलून देणारं छोटं टूल फुकट मिळतं.

इंटरनेटवर ‘हार्ड डिस्कचा सिरीयल नंबर’ म्हणून मिळणाऱ्या सी प्रोग्रॅमपैकी बरेचसे हाच नंबर छापतात. घर आणि दारावरची पाटी यांत जो फरक, तोच इथे.

५. मग विंडोजवर डिस्कचा खरा नंबर कसा वाचायचा? पायरीपायरीने सांगा.

पायऱ्या चारच आहेत, पण प्रत्येकीवर एकेक खड्डा आहे.

आधी क्रिएटफाइलए ने फिजिकलड्राइव्ह० उघडा. या नावाआधी दोन उलट्या तिरप्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ येते. सीच्या अवतरणचिन्हांत उलटी रेघ दुप्पट लिहावी लागते, म्हणजे आधी चार, मग टिंब, मग दोन. ‘फाइल सापडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या कोडमध्ये मी आधी या रेघा मोजतो. नावाच्या शेवटी ए असलेलं फंक्शन घ्या, नाहीतर युनिकोड प्रोजेक्टमध्ये साधी कॅर स्ट्रिंग गोंधळ घालते.

उघडताना अ‍ॅक्सेसच्या जागी शून्य द्या. वाचायचा हक्क मागितलात की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतो. शून्य दिलं तर या कामापुरता लागत नाही. हँडल तपासताना नल शी नाही, इनव्हॅलिड_हँडल_व्हॅल्यू शी तुलना करा.

मग डिव्हाइसआयओकंट्रोलला आयओसीटीएल_स्टोरेज_क्वेरी_प्रॉपर्टी द्या आणि प्रश्नात स्टोरेजडिव्हाइसप्रॉपर्टी मागा. उत्तर येतं ते स्टोरेज_डिव्हाइस_डिस्क्रिप्टर या स्ट्रक्चरमध्ये. त्याच्या साइजऑफ एवढाच बफर दिलात तर नंबर कापला जातो, कारण खरा मजकूर स्ट्रक्चरच्या मागे लटकलेला असतो. पहिल्यांदा फक्त हेडर मागून साइज वाचा, तेवढी मेमरी घ्या आणि पुन्हा विचारा.

शेवटी सिरीयलनंबरऑफसेट बघा. शून्य असेल तर ड्रायव्हरने नंबर दिलेला नाही, तिथेच थांबा. नसेल तर बफरच्या सुरुवातीपासून तेवढे बाइट पुढे गेलात की स्ट्रिंग हाती लागते. शून्याची तपासणी विसरलात तर स्ट्रक्चरचेच पहिले बाइट नंबर म्हणून छापले जातात.

आणि फिजिकलड्राइव्ह० म्हणजे विंडोज असलेली डिस्क असं गृहीत धरू नका. मशीनला दुसरी डिस्क जोडली की क्रम पालटू शकतो. सी ड्राइव्ह कुठल्या डिस्कवर आहे ते आयओसीटीएल_व्हॉल्यूम_गेट_व्हॉल्यूम_डिस्क_एक्स्टेंट्स ने विचारता येतं.

६. नंबर आला, पण अक्षरांची अदलाबदल झाली आहे आणि पुढे-मागे मोकळी जागा आहे. माझ्या कोडचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. साटा डिस्क आपला मजकूर १६ बिटांच्या शब्दांत देते आणि प्रत्येक शब्दात पहिलं अक्षर वरच्या बाइटमध्ये असतं. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर ते जसंच्या तसं वाचलं की जोड्या उलटतात. स्टिकरवर २४६८१० असेल तर स्क्रीनवर ४२८६०१ दिसतं. दोन-दोन बाइटांची अदलाबदल करा, झालं. मात्र डोळे मिटून करू नका. लिनक्समधला आजचा साटा ड्रायव्हर अदलाबदल आधीच करून देतो. तुम्ही पुन्हा केलीत तर सरळ झालेलं उलटं होईल. जुन्या विंडोजवर तर काही वेळा अक्षरांऐवजी त्यांचे हेक्स आकडे येतात. डिस्क बाहेर काढून स्टिकरशी एकदा ताडून बघण्याला पर्याय नाही.

मोकळ्या जागांचं कारण साधं आहे. नंबराला २० अक्षरांची जागा ठरलेली आहे, कमी पडलं की रिकाम्या जागा भरतात. स्ट्रिंग संपल्याची खूण, म्हणजे शेवटचा नल बाइट, डिस्क देत नाही. तुमचा अ‍ॅरे २१ चा हवा. २० चा घेतलात आणि प्रिंटएफला दिलात तर मागचा कचराही छापला जातो.

७. लिनक्सवर एचडीआयओ_गेट_आयडेंटिटी दिलं तर ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस’ म्हणतं. आता?

तुमची डिस्क एनव्हीएमई (साटाऐवजी थेट पीसीआय एक्सप्रेसवर बोलणारी एसएसडी) असणार, किंवा यूएसबीला जोडलेली. हा आयओसीटीएल आयडीई आणि साटाच्या काळातला आहे. साटा डिस्कवर अजून चालतो, फक्त डिव्हाइस उघडायला रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) किंवा डिस्क गटाचा सभासद असावं लागतं.

एनव्हीएमईला इतकी खटपट लागतच नाही. /सिस/ब्लॉक/एनव्हीएमई०एन१/डिव्हाइस/सिरीयल ही फाइल एफओपन ने उघडा, एफगेट्स ने वाचा, शेवटची नवी ओळ आणि मोकळ्या जागा कापा. आयओसीटीएलच हवा असेल तर एनव्हीएमई_आयओसीटीएल_अ‍ॅडमिन_सीएमडी मधून आयडेंटिफायची आज्ञा, ऑपकोड ६, पाठवा. ४०९६ बाइटांचं उत्तर येतं, त्यात ४ ते २३ या बाइटांत सिरीयल आणि २४ ते ६३ मध्ये मॉडेल. इथे अक्षरं सरळच असतात.

स्कझी पद्धतीने बोलणाऱ्या डिस्कना एसजी_आयओ मधून इन्क्वायरीची आज्ञा द्यायची आणि हेक्स ८० नंबरचं पान मागायचं. आणि हे कुठलंच करायचं नसेल तर लिबयूडेव्ह घ्या: आयडी_सिरीयल_शॉर्ट ही प्रॉपर्टी रूटशिवाय मिळते. मी स्वतः तेच वापरतो.

८. विंडोजवर एनव्हीएमई डिस्कचा नंबर चार-चार आकड्यांचे गट, मध्ये अंडरस्कोअर आणि शेवटी टिंब असा येतो. स्टिकरवर असं काहीच नाही.

बरोबर. विंडोज तिथे डिस्कचा ईयूआय-६४ हा ओळख-आकडा दाखवतं, सिरीयल नव्हे. मशीन ओळखायला तोही चालतो, कारण तोही कारखान्यातून आलेला असतो. फक्त तो आणि स्टिकरवरचा नंबर यांची सरमिसळ करू नका. ग्राहकाला फोनवर ‘स्टिकर वाचून दाखवा’ म्हणालात तर दोघांचाही वेळ जाईल.

स्टिकरवरचाच हवा असेल तर प्रश्न ५ मधल्याच आज्ञेत प्रॉपर्टी बदलून प्रोटोकॉलची माहिती मागा: प्रोटोकॉलटाइपएनव्हीएमई आणि एनव्हीएमईडेटाटाइपआयडेंटिफाय. हे विंडोज १० पासून चालतं. उत्तरातली मांडणी प्रश्न ७ मधलीच, बाइट ४ पासून २० अक्षरं.

९. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा नंबर आणि मदरबोर्डचा नंबर कुठून मिळतो?

एसएमबायोस नावाच्या तक्त्यातून. मशीन सुरू होताना बायोस तो मेमरीत मांडून ठेवतं. विंडोजवर गेटसिस्टमफर्मवेअरटेबलला आरएसएमबी ही चार अक्षरं द्यायची. पहिल्यांदा बफरशिवाय विचारलं की लांबी कळते, मग मेमरी घेऊन पुन्हा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागत नाही. उत्तराचे पहिले ८ बाइट विंडोजचे स्वतःचे, तिथून पुढे तक्ता. लिनक्सवर तोच तक्ता /सिस/फर्मवेअर/डीएमआय/टेबल्स/डीएमआय इथे आहे.

तक्त्यातली प्रत्येक नोंद अशी: पहिला बाइट प्रकार, दुसरा लांबी, पुढचे दोन हँडल. प्रकार १ म्हणजे अख्खं मशीन, २ मदरबोर्ड, ३ कॅबिनेट, १७ रॅमची पट्टी, १२७ म्हणजे तक्ता संपला. सोय अशी की १, २ आणि ३ या तिघांतही सिरीयलची जागा एकच, ऑफसेट ७.

पण त्या जागी नंबर नसतो! तिथे असतो फक्त एक बाइट, समजा ४. त्याचा अर्थ: या नोंदीच्या मागे ज्या स्ट्रिंग लावल्या आहेत त्यांतली चौथी घ्या. स्ट्रिंग लांबीनंतर लगेच सुरू होतात, प्रत्येकीच्या शेवटी एक नल, सगळ्या संपल्या की आणखी एक. मोजणी १ पासून. बाइट शून्य असेल तर स्ट्रिंग नाही. आणि एकही स्ट्रिंग नसली तरी दोन नल असतातच, हे विसरलं की पुढची प्रत्येक नोंद एका बाइटने सरकते. लांबी ४ पेक्षा कमी दिसली तर तक्ता बिघडलेला आहे, लूप तोडा, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच गिरक्या घेत बसेल.

प्रकार १ मध्ये ऑफसेट ८ पासून १६ बाइटांचा यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक मशीनचा वेगळा असावा असा ओळख-आकडा, पण असतो. छापताना पहिले ४, मग २, मग २ बाइट उलट्या क्रमाने घ्या, म्हणजे इतर टूलशी जुळेल.

आता ती गंमत. असेंबल केलेल्या पीसीवर हे सगळं नीट करूनही बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘सिस्टम सिरीयल नंबर’ असली शोभेची वाक्यं मिळतात. चूक तुमची नाही. मशीन जोडणाऱ्याने ती जागा भरावी अशी अपेक्षा होती, आणि गल्लीतल्या दुकानात कुणी ती भरत नाही. यूयूआयडीचंही तेच: ०३०००२००-०४००-०५०० ने सुरू होणारा दिसला तर तो अनेक बोर्डांवर हुबेहूब तसाच असतो. अशा स्ट्रिंगांची एक काळी यादी प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि त्यातलं काही आलं तर ‘नंबर नाही’ असंच धरा.

१०. लिनक्सवर /सिस/क्लास/डीएमआय/आयडी मधली बोर्ड_नेम वाचता येते, पण प्रॉडक्ट_सिरीयलला ‘परमिशन डिनाइड’. असा दुजाभाव का?

मुद्दाम केलेला आहे. मॉडेलचं नाव सांगितल्याने तुमचं मशीन ओळखू येत नाही, सिरीयल सांगितल्याने येतं. म्हणून सिरीयल आणि यूयूआयडीच्या फाइली फक्त रूटला वाचता येतात. त्यासाठी अख्खा प्रोग्रॅम रूटने चालवू नका. इन्स्टॉल करताना एकदा वाचून ठेवा, किंवा /ईटीसी/मशीन-आयडी वापरा. तो हार्डवेअरचा नंबर नव्हे, इन्स्टॉलेशनचा आहे, ३२ हेक्स आकड्यांचा. डिस्कची प्रत काढली तर तोही सोबत जातो. आणि तो जसाच्या तसा नेटवरून पाठवू नये, असं त्याच्या मॅन पेजवरच लिहिलंय.

११. प्रोसेसरचा सिरीयल नंबर सीपीयूआयडीने मिळतो असं पुस्तकात आहे. माझ्या मशीनवर शून्य येतं.

पुस्तक पेंटियम ३ च्या वेळचं असणार. १९९९ मध्ये इंटेलने त्या प्रोसेसरमध्ये ९६ बिटांचा नंबर घातला होता. सीपीयूआयडी ही प्रोसेसरला स्वतःबद्दल विचारायची सूचना, तिचं उत्तर पानापानांत येतं: पान १ वरून वरचे ३२ बिट, पान ३ वरून उरलेले ६४. आहे की नाही ते पान १ च्या ईडीएक्समधल्या १८ व्या बिटावरून कळायचं. प्रत्येक संकेतस्थळाला माणसाचा माग काढता येईल म्हणून अमेरिकेत गोपनीयतेच्या चळवळीतल्या लोकांनी बहिष्काराची हाक दिली. इंटेलने तो बंद करायची सोय दिली आणि पुढच्या प्रोसेसरमधून काढूनच टाकला. आजच्या घरगुती प्रोसेसरमध्ये तुमच्या प्रोग्रॅमला वाचता येईल असा नंबर नाही.

इथे मोठी फसगत होते ती डब्ल्यूएमआयच्या (मशीनची माहिती पुरवणाऱ्या विंडोजच्या सेवेच्या) प्रोसेसरआयडीने. सोळा हेक्स आकडे, दिसायला अगदी सिरीयल. पण ते पान १ चे ईएएक्स आणि ईडीएक्स फक्त शेजारी शेजारी लिहिलेले असतात, म्हणजे प्रोसेसरचं मॉडेल आणि त्याला काय काय येतं याची यादी. एकाच खेपेत घेतलेल्या वीस मशीनवर वीसही वेळा तोच आकडा येईल. त्यावर लायसन्स बांधलेले प्रोग्रॅम मी पाहिले आहेत, विकले जात असलेले.

१२. मॅक अ‍ॅड्रेस तर प्रत्येक नेटवर्क कार्डाचा वेगळा असतो ना? तोच का वापरू नये?

कार्डाचा वेगळा असतो, पण तुम्ही वाचता तो कार्डाचाच असेल असं नाही. विंडोज, लिनक्स, मॅकओएस तिघंही वायफायसाठी दर वेळी नवा पत्ता बनवू शकतात. ओळखायची खूण आहे: पहिल्या बाइटमधला दुसरा बिट, किंमत २, लागलेला असेल तर पत्ता कारखान्यातला नाही. लिनक्सवर मूळ पत्ता ईथटूल_जीपर्मअ‍ॅडर ने मागता येतो.

दुसरी अडचण, मशीनवर पत्ते ढीगभर असतात: वायफाय, केबल, ब्लूटूथ, व्हीपीएन, यूएसबीचं डोंगल. गेटअ‍ॅडॅप्टर्सअ‍ॅड्रेसेस च्या यादीत आलेला पहिला घेतलात आणि ग्राहकाने मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग केलं, की संध्याकाळी फोन: ‘अहो, तुमचं सॉफ्टवेअर लायसन्स मागतंय.’

१३. डब्ल्यूएमआयसीची आज्ञा पीओपन ने चालवून आउटपुट वाचलं तर एवढी खटपट वाचेल ना?

वाचायची. डब्ल्यूएमआयला कमांड प्रॉम्प्टवरून विचारणारी ती आज्ञा मायक्रोसॉफ्टने निवृत्त केली आहे आणि नव्या विंडोज ११ वर ती मुळात बसवलेलीच नसू शकते. असली तरी तिच्या ओळींच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न येतात, तुलना फसते. शिवाय पाथमध्ये त्याच नावाचा दुसरा प्रोग्रॅम ठेवून कुणीही हवा तो नंबर तुम्हाला खाऊ घालू शकतो.

१४. पेनड्राइव्हला डोंगलसारखं, म्हणजे तो लावला तरच प्रोग्रॅम चालेल असं, वापरायचंय. त्याचा नंबर भरवशाचा आहे का?

पेनड्राइव्ह पाहून ठरवा. यूएसबीच्या नियमांत सिरीयल नंबर ऐच्छिक आहे. डिस्क्रिप्टरमध्ये त्याचा इंडेक्स शून्य असेल तर नंबर नाही. नंबर नसला की विंडोज स्वतः एक बनवतं, आणि त्याचं दुसरं अक्षर अँडचं चिन्ह असतं. तो दिसला तर वापरू नका, पोर्ट बदलला की तो बदलतो. स्वस्त मालात पूर्ण खोक्यातल्या पेनड्राइव्हना एकच नंबरही सापडतो. दोन विकत घ्या, दोन्ही वाचा, मग ठरवा.

बाहेरच्या केसमधल्या हार्ड डिस्कचीही तीच कथा. मिळणारा नंबर कधी डिस्कचा असतो, कधी केसमधल्या चिपचा.

१५. व्हर्च्युअल मशीनमध्ये काय मिळतं?

जे त्या सॉफ्टवेअरने ठरवलं ते. व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कचा नंबर व्हीबी ने सुरू होतो, क्यूएमयूचा न सांगितल्यास क्यूएम००००१ असा. सगळं कॉन्फिगरेशनमधून बदलता येतं. व्हीएमवेअरमध्ये मशीनची प्रत उघडताना ‘मी कॉपी केलंय’ म्हटलं की यूयूआयडी आणि मॅक अ‍ॅड्रेस नवे, ‘हलवलंय’ म्हटलं की जुनेच.

आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत का हे सीपीयूआयडीच्या पान १ वरचा ईसीएक्सचा ३१ वा बिट सांगतो, पण त्यावरून प्रोग्रॅम बंद पाडू नका. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशन चालू असेल तर खऱ्या लॅपटॉपवरही तो बिट लागलेला दिसतो.

१६. सर्व्हरवर रेड कंट्रोलर आहे. डिस्क चार, नंबर एकच, आणि तोही अनोळखी.

रेड कंट्रोलर अनेक डिस्क एकत्र बांधतो आणि ऑपरेटिंग सिस्टमला एकच लॉजिकल डिस्क दाखवतो, नंबर त्या डिस्कचा. आतल्या डिस्कपर्यंत जायचा रस्ता प्रत्येक कंट्रोलर कंपनीचा स्वतंत्र असतो. लायसन्ससाठी त्या वाटेला जाऊ नका, प्रश्न ९ मधला सिस्टम सिरीयल घ्या. नामांकित कंपनीच्या सर्व्हरवर तो नीट भरलेला असतो.

१७. मग लायसन्स कशाला बांधायचं? एक पक्का सल्ला द्या.

कुठल्याही एकाच नंबराला नको. हे मी ग्राहकाच्या खर्चाने शिकलो. माझा पहिला प्रोग्रॅम फक्त डिस्कच्या नंबराला बांधलेला होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका कापड दुकानदाराची डिस्क गेली. मेकॅनिकने दुपारी नवी बसवली, बॅकअपही व्यवस्थित परत आला, आणि माझा प्रोग्रॅम ‘अनधिकृत प्रत’ म्हणून बसला. दुकानात गर्दी, मी एसटीत, रेंज नाही. त्या संध्याकाळी त्यांनी वहीवर बिलं लिहिली.

आता मी पाच गोष्टी वाचतो: डिस्क, मदरबोर्ड, सिस्टम यूयूआयडी, केबलच्या नेटवर्क कार्डाचा मूळ मॅक पत्ता आणि इन्स्टॉलेशनचा आयडी. प्रत्येकाचा हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) वेगळा साठवतो. पाचांपैकी तीन जुळले तर प्रोग्रॅम चालतो आणि बदललेले दोन गुपचूप नवे नोंदवतो. विंडोज एक्सपीच्या अ‍ॅक्टिव्हेशनचं तत्त्वही असंच होतं. तीनही जुळले नाहीत तरी पंधरा दिवस चालू देतो, वर फक्त एक पिवळी पट्टी.

रिकाम्या नंबराचा हॅश काढू नका. एकदा एकाच दुकानातल्या दोन काउंटरना माझ्याकडून एकच लायसन्स गेलं आणि दोन्हीकडे सुरळीत चाललं. लॉग उघडला तर दोन्ही हॅश ई३बी०सी४४२ ने सुरू होत होते. तो रिकाम्या स्ट्रिंगचा एसएचए-२५६ आहे. तुमच्या लॉगमध्ये दिसला तर समजा, नंबर वाचलाच गेला नव्हता.

१८. एवढं करूनही कुणी क्रॅक केलं तर?

करणारा करेलच. तुमचा सगळा बंदोबस्त शेवटी एका इफपाशी येतो आणि तेवढी एक उडी बदलली की काम झालं. या कुलपाचा उपयोग प्रामाणिक माणसाने चुकून दुसऱ्या मशीनवर टाकू नये एवढाच. त्यापलीकडे ज्या महिन्यांचं काम त्यात घालणार आहात, ते बिलाच्या प्रिंटमध्ये घाला.

१९. ग्राहकांचे सिरीयल नंबर माझ्या सर्व्हरवर साठवणं कायद्याने चालतं का?

नुसता नंबर मुका असतो, पण त्याच्या शेजारी ग्राहकाचं नाव आणि मोबाइल लिहिला की तो त्या माणसाविषयीची माहिती होतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्याच्यावरून व्यक्ती ओळखता येते तो डेटा वैयक्तिक मानला आहे. त्यामुळे काय घेताय आणि कशासाठी, ते इन्स्टॉल करतानाच साध्या मराठीत सांगा आणि हो म्हणवून घ्या. वकिलाला विचारायचं ते विचाराच.

तांत्रिक बाजू माझी: मूळ नंबर पाठवू नका, हॅश पाठवा, आणि त्यात तुमच्या प्रोग्रॅमची गुप्त किल्ली मिसळा. मॅक अ‍ॅड्रेसचा नुसता हॅश म्हणजे पारदर्शक पडदा. पत्त्याचा अर्धा भाग कंपनीचा, तो सगळ्यांना माहीत. उरलेल्या २४ बिटांच्या शक्यता साधारण १ कोटी ६७ लाख, त्या सगळ्या तपासायला आजच्या लॅपटॉपला काही सेकंद पुरतात.

२०. मॉनिटर, रॅम, बॅटरी, रास्पबेरी पाय, मॅक यांचं एका दमात सांगा.

मॉनिटर: तो स्वतःची ओळख ज्यात देतो त्या ईडीआयडीचे १२८ बाइट वाचा, १२ ते १५ मध्ये आकडा, आणि असलाच तर पुढच्या डिस्क्रिप्टरमध्ये १३ अक्षरांपर्यंतची स्ट्रिंग. रॅम: प्रश्न ९ मधला प्रकार १७, ऑफसेट २४, प्रत्येक खाचेची नोंद वेगळी. लॅपटॉपची बॅटरी: लिनक्सवर /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बीएटी०/सिरीयल_नंबर. रास्पबेरी पाय: /प्रॉक/सीपीयूइन्फो मध्ये शेवटाकडे सिरीयलची ओळ. मॅक: आयओप्लॅटफॉर्मएक्सपर्टडिव्हाइस शोधा, आयओप्लॅटफॉर्मसिरीयलनंबर मागा, आणि लिंक करताना आयओकिटसोबत कोअरफाउंडेशन जोडायला विसरू नका.

२१. हेच सगळं अँड्रॉइडवर एनडीके (अँड्रॉइडसाठी सी लिहायची साधनं) वापरून सीमधून जमेल का?

अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला फोनचा सिरीयल नंबर मिळत नाही. जावातून नाही आणि सीमधूनही नाही. मिळतो तो अँड्रॉइड आयडी, तोही ८ व्या आवृत्तीपासून अ‍ॅपच्या सहीच्या किल्लीप्रमाणे वेगवेगळा. तुमच्या एका अ‍ॅपपुरता तो पुरेसा आहे. जेएनआय (सीमधून जावाला बोलवायची सोय) मधून मागवून घ्या.